येथे तळे नाही

आत्याची चूक शेवटी बरोबर निघाली. हे एकदाचं सांगून टाकलं. आता कृपया विसरून जा. मीही विसरलोय. या घडीला आम्हाला काहीच ठाऊक नाही, आत्या धास्तावलेली आहे आणि मी गाडी चालवतोय.

गाडीचं नाव दाढ. माझा मामा दातांचा डॉक्टर होता, आणि ज्या गावांत दातांचा डॉक्टर नसतो तिथं तो ही गाडी घेऊन फिरायचा. तो थकल्यावर मी तिची कॅम्पर व्हॅन केली. म्हणजे मागं शेगडी बसवली, पाण्याची टाकी घासली, एक फळी टाकून पलंग केला आणि खिडक्यांना पडदे लावले. रोग्याची खुर्ची मात्र निघाली नाही. तिचे बोल्ट थेट चेसिसला होते. ओढून काढली असती तर गाडी दोन भागांत हाती आली असती. म्हणून खुर्ची राहिली, तिच्यावरचा दिवा राहिला, आणि बाहेरच्या बाजूला रंगवलेली माणसाएवढी हसरी दाढही राहिली. तिला दोन हात आहेत आणि एका हातात ब्रश आहे. आत्या खुर्ची आडवी करून झोपते. तिचं म्हणणं, छत्तीस वर्षं स्टुलावर बसलेल्या तिच्या पाठीला एवढा मान आजवर कुणी दिला नव्हता.

ती छत्तीस वर्षं तिनं नकाशे काढण्यात घालवली. सरकारी कचेरी, दुसरा मजला, खिडकीकडे पाठ. संगणक यायच्या आधीची गोष्ट. मोजणीवाले डोंगरात हिंडून आकडे आणायचे आणि आत्या त्या आकड्यांच्या रेषा करायची. तपकिरी म्हणजे उंची, निळं म्हणजे पाणी, आणि नुसतं पांढरं सोडलं की बर्फ. या राष्ट्रीय उद्यानाचा अख्खा डोंगर तिनं सहा आठवड्यांत काढला. स्वतः कधी चढली नाही. कचेरीचा जिना चढतानाही ती मधे एकदा थांबायची.

सहाव्या आठवड्यातल्या शुक्रवारी तिला शिंक आली.

हातात निळ्या शाईचं पेन होतं. मसुराएवढा थेंब उडाला तो नेमका हिमनदीच्या पांढऱ्यावर, जिथं तिनं मुद्दाम काहीच काढलं नव्हतं. ब्लेडनं खरवडला असता तर कागदाला भोक पडलं असतं, आणि डोंगराला भोक पडण्यापेक्षा तळं परवडलं, असा विचार तिनं केला. वय पंचवीस-सव्वीस. सोमवारी मुख्य आरेखक नकाशा तपासणार होते. आत्यानं सगळ्यात बारीक पेन घेतलं, थेंबाला काठ काढला, आणि आजूबाजूच्या रेषांवरून अंदाज बांधून शेजारी उंचीही लिहिली: ३,९१२ मीटर. थाप मारायची तर नीट मारावी, हे आमच्या घराण्यातच आहे. मुख्य आरेखकांनी सोमवारी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाले, तळं सुरेख आलंय.

त्या नकाशावर एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा अर्धा किलोमीटर. म्हणजे आत्याच्या एका शिंकेत दोनशे मीटर लांबीचं तळं तयार झालं. पुढं ते शाळेच्या पुस्तकात गेलं, कॅलेंडरवर गेलं, उद्यानाच्या तिकिटावरही बारीक निळा ठिपका होऊन बसलं. एकाच्या नकाशावरून दुसरा नकाशा काढतो. डोंगर चढून खात्री करून येणाऱ्याला बहुधा घरी काही काम नसतं.

हे सगळं तिनं मला यंदा, निवृत्त झाल्याच्या तिसऱ्या आठवड्यात सांगितलं, वाटाणे सोलता सोलता. मी इतका हसलो की वाटाणे सांडले. मग तिनं कपाटातल्या डब्याखालून एक पत्र काढून माझ्यापुढं ठेवलं.

पत्र एकोणीस वर्षांपूर्वीचं होतं. अक्षर फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाचं. लिहिलं होतं की आम्ही आपला नकाशा घेऊन उद्यानातल्या वरच्या तळ्याकडे निघालो होतो, तीन दिवस शोधलं, पाणी संपलं, शेवटी बर्फ चघळत परत आलो. तळं सापडलं नाही. नकाशा चुकणं शक्य नाही, तेव्हा आमचंच दिशांचं ज्ञान कच्चं. पुढच्या वर्षी अधिक तयारीनं जाऊ आणि कळवू. खाली सही: आपले नम्र, भूगोलाचे दोन शिक्षक.

लोकांची पत्रं तेव्हा आत्याच्याच टेबलावर यायची. हे पत्र तिनं कुणाला दाखवलं नाही आणि उत्तरही दिलं नाही. पुढच्या वर्षीच्या पत्राची वाट मात्र बघत राहिली. ते आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

"गेले असणार रे पुन्हा," ती म्हणाली. "नसलेलं तळं शोधायला. माझ्या भरवशावर."

मी वॉशिंग मशीनची माहितीपुस्तकं लिहितो. माझ्या लेखनावर आजवर कुणी भरवसा ठेवलेला नाही, त्यामुळे हे दुखणं मला नवीन होतं. पण आत्याचा चेहरा पाहून मी तिसऱ्या दिवशी रजा टाकली.

तिला त्या जागेवर स्वतः जायचं होतं आणि तिथं पाटी लावायची होती. पाटी तयारच होती. दीड हात लांब पत्रा, पांढरा रंग, आणि त्यावर छापल्यासारख्या नकाशाच्या अक्षरांत: "येथे तळे नाही. गैरसोयीबद्दल क्षमस्व. – आरेखक." चारी कोपऱ्यांना भोकं पाडलेली होती, खिळे वेगळ्या पुडीत होते. मी विचारलं, बर्फात खिळे कशात ठोकणार? ती म्हणाली, ते तिथं गेल्यावर बघू, तू गाडीचं बघ.

दोन दिवस गाडी चालवली. दुसऱ्या दिवशी दुपारी एका वळणावर डोंगर एकदम समोर आला, आणि मी काही न ठरवताच ब्रेक दाबला. मागून कुणी येत नव्हतं हे नशीब.

डोंगर मोठा असतो हे मला माहीत होतं. पण मोठा म्हणजे किती, याची माझी कल्पना फ्रीजपासून सुरू होऊन बारा मजली इमारतीपाशी संपत होती. हा तिथून सुरूच होत नव्हता. जिथं मी आभाळ धरून चाललो होतो तिथंही डोंगरच होता, त्याच्यावर ढग होते, आणि ढगांच्या वर, जिथं आता कुणाचं काहीही काम नाही असं वाटावं, तिथं पुन्हा बर्फाचा एक खांदा निवांत टेकलेला होता. मी गाडी बंद केली. इंजिन चालू ठेवणं उद्धटपणाचं वाटलं.

आत्या खाली उतरली आणि बोट वर करून, वर्गात मुलं मोजावीत तसं मोजू लागली. मी विचारलं काय मोजतेस, तर म्हणाली, माझ्या रेषा. एका सरळसोट काळ्या कड्यावर तिचं बोट थांबलं. तिथं तिला नऊ रेषा एकमेकींना चिकटवून काढाव्या लागल्या होत्या आणि हाताला गोळा आला होता.

"ह्या कड्यात माझा सबंध मंगळवार गेलाय," ती म्हणाली. थोड्या वेळानं तिनं पलीकडचा धबधबा दाखवला. तो इतका उंचावरून पडत होता की निम्म्यावर येईतो पाण्याला आपण पाणी आहोत हे आठवत नसावं. खाली पोचत होता तो नुसता धूर. आवाजही पाणी पडून गेल्यावर सावकाश येत होता. "हा मी चार मिलिमीटरचा काढला होता," आत्या म्हणाली.

उद्यानाच्या आतल्या वाहनतळावर आम्ही दाढ उभी केली. शेगडीवर चहा ठेवला तोच दारावर टकटक झाली. बाहेर वनरक्षक होता. गणवेश कडक इस्त्रीचा, डावा गाल लिंबू ठेवल्यासारखा. मला वाटलं पाटीचा सुगावा लागला. उद्यानात परवानगीशिवाय दगडही हलवायचा नाही, असं फाटकावरच लिहिलं होतं. पण तो आमच्याकडे बघतच नव्हता, गाडीवरच्या हसऱ्या दाढेकडे बघत होता. तीन रात्री झोप नव्हती. दातांचा डॉक्टर खाली शहरात, दीड दिवसावर.

आत्यानं त्याला स्वच्छ सांगितलं की आम्ही डॉक्टर नाही. तो म्हणाला, गाडीवर तसं आहे ना. आत्या म्हणाली, गाडीवरचं जुनं आहे, आता ते खरं नाही. तो म्हणाला, ताई, एवढं रंगवून कोण खोटं लिहील?

आत्या माझ्याकडे बघायला लागली, मी चहाकडे.

शेवटी तिनं त्याला खुर्चीत बसवलं, दिवा लावला, आणि छत्तीस वर्षं नकाशे तपासलेल्या डोळ्यांनी त्याच्या तोंडात पाहिलं. मामाच्या ड्रॉवरमध्ये लवंगतेलाची बाटली निघाली. तिनं त्यात भिजवलेला कापसाचा बोळा दाढेत दाबला आणि बजावलं की उद्या दुपार टळेपर्यंत बोळा हलता कामा नये, तोंड उघडायचं नाही, एक अक्षर बोलायचं नाही. आणि घरी गेल्यावर खऱ्या डॉक्टरकडे जायचं. तो मान हलवून गेला. अशा रीतीनं, त्या सबंध उद्यानात वर काय आहे हे ज्या एका माणसाला पक्कं ठाऊक होतं, त्याचं तोंड आत्यानं स्वतःच्या हातानं बंद केलं.

सकाळी आम्ही निघालो तर तो वाटेवर काठी घेऊन उभा. खुणेनं म्हणाला, मीही वरच निघालोय, चला. त्याची झोप झालेली दिसत होती. माझ्या पाठीवर चादरीत गुंडाळलेली पाटी होती. तिच्याकडे त्यानं भुवई उंचावली. मी म्हणालो, आत्याची पाठ दुखते, फळी लागते. त्यानं ते मान्य केलं. गाडीत दाताच्या खुर्चीवर झोपणाऱ्या बाईकडून त्याची ह्यापेक्षा कमी अपेक्षा नसावी.

आत्याला वनरक्षकाकडून विचारून घेता आलं असतं. तळं आहे की नाही, याला नुसती मान हलवूनही उत्तर देता येतं. मी तोंड उघडलं तसा तिनं माझा दंड धरला. तिला हे दुसऱ्याकडून ऐकायचं नव्हतं. आधीच एकदा ती न जाता सांगून बसली होती.

पहिले दोन तास झाडं होती. मग झाडांची उंची कमी होत गेली, आधी माझ्याएवढी, मग आत्याएवढी, मग गुडघ्याएवढी, आणि एका ठिकाणी जंगलानं पुढं यायचं सरळ नाकारलं. त्यानंतर नुसते दगड आणि वारा. घराएवढे दगड असे पडले होते की कुणीतरी खेळ अर्धा टाकून जेवायला गेलंय आणि हाक मारली की परत येईल. आमचं बोलणं आपोआप हळू झालं. मी एरवी दर पाच मिनिटांनी एक विनोद करतो. तिथं मला तासभर एकही सुचला नाही, आणि त्याची खंतही वाटली नाही.

आत्या पन्नास पावलं चालायची, थांबायची, पन्नास चालायची. प्रत्येक थांब्यावर ती पायाखाली बघायची. दोन तपकिरी रेषांमधली जागा प्रत्यक्षात एवढी असते, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. एकदा तिनं मला विचारलं, हे दगड आपण काढलेच नाहीत की रे? मी म्हटलं, एवढे दगड काढले असते तर तू अजून कचेरीतच असतीस.

दुपारी आम्ही दगडी खोपटापाशी पोचलो. चार भिंती, एक बाक, पत्र्याचं छप्पर आणि दोरीनं बांधलेली एक जाडजूड वही. वर आलेल्यांनी तारीख आणि चार शब्द लिहायचे, म्हणजे कोण गेलं नि कोण परतलं हे कळतं. एवढ्या वर फार कुणी येत नाही. वीस वर्षांत वही निम्मीसुद्धा भरली नव्हती.

आत्यानं ती पहिल्यापासून चाळायला घेतली. मी तिच्या खांद्यावरून वाचत होतो, म्हणून ते अक्षर मलाही दिसलं. फळ्यावर लिहिणाऱ्या माणसाचं. पत्राच्या पुढच्या वर्षीची तारीख: "तळं सापडलं नाही. आमचंच चुकलं असावं. – भूगोलाचे दोन शिक्षक." त्याच्या पुढच्या वर्षी: "नवीन होकायंत्र आणलं. सापडलं नाही. होकायंत्र बरोबर, आम्ही चूक." तिसऱ्या वर्षी पाऊस होता. चौथ्या वर्षी एकाचा पाय मुरगळलेला, दुसऱ्यानं त्याला पाठीवर आणलेलं: "तरीही दोन तास शोधलं." पाचव्या, सहाव्या आणि सातव्या वर्षी एकेकच ओळ: "सापडलं नाही. नकाशाची क्षमा मागतो."

आत्यानं वही मिटली. पुढचं पान तिनं उलटलंच नाही. माझ्या पाठीवरची पाटी तिनं स्वतः चादरीतून सोडवून घेतली, बगलेत धरली आणि खोपटामागच्या दगडांच्या चढावर एकटीच निघाली. वनरक्षकानं पाटी पाहिली. त्याचे डोळे मोठे झाले, त्यानं वाचली, पुन्हा वाचली, तोंडाकडे हात नेला. पण आत्यानं सांगितलेली दुपार अजून टळायची होती आणि तो शब्दाला पक्का माणूस होता. तो दोन्ही हात हलवत तिच्यामागं धावला. मी त्याच्यामागं.

चढ फार नव्हता. आत्या माथ्यावर पोचली आणि उभी राहिली. मग आम्ही पोचलो.

खाली तळं होतं.

ते कसं होतं हे मला नीट सांगता येणार नाही. निळं होतं, पण तो निळा मी याआधी एकदाच पाहिला होता, आत्याच्या शाईच्या बाटलीत. पलीकडच्या काठाला हिमनदी येऊन थांबली होती, सहा-सात मजले उंच बर्फाची भिंत, आणि तिच्या पायथ्यापासून हे पाणी आमच्यापर्यंत जराही न हलता पसरलं होतं. त्यात अख्खा डोंगर उलटा होता. मंगळवारचा काळा कडा होता. ढग होते. मधेच कुठूनतरी बर्फाचा तुकडा सुटला, पाण्यात पडला, आणि कितीतरी वेळानं आवाज आला, मग एकच वर्तुळ सगळ्या डोंगरावरून सावकाश फिरत गेलं आणि डोंगर पुन्हा जागेवर बसला.

त्या पाण्यासमोर आत्या "येथे तळे नाही" अशी पाटी छातीशी धरून उभी होती. अक्षरं बाहेरच्या बाजूनं होती. तळ्याला वाचायला आलं असतं तर बरंच वाईट वाटलं असतं.

खूप वेळानं वनरक्षकानं घड्याळ पाहिलं, दाढेतला बोळा काढला, कागदात गुंडाळून खिशात ठेवला आणि पहिलं वाक्य बोलला.

"ताई, पाटीला परवानगी लागते."

मग त्यानं बाकीचं सांगितलं. तो इथं अकरा वर्षांपूर्वी आला तेव्हा हिमनदी ह्या माथ्यापर्यंत होती आणि काठाशी नुसतं एक डबकं साचलं होतं. बर्फ दरवर्षी मागं सरकत गेला. खाली खोलगा होता, तो कुणाला माहीत नव्हता, कारण त्याच्यावर बर्फ होता. बर्फ निघाला तसं पाणी भरत गेलं. तो खोपटात जाऊन वही घेऊन आला आणि न उलटलेलं पान आत्यापुढं धरलं.

आठवं वर्ष. अक्षर तेच, पण ओळी आनंदानं तिरक्या झालेल्या: "सापडलं! मोजून बारा पावलं. नकाशात मोठं आहे, पण उन्हाळा कडक होता. इतकी वर्षं आम्ही चुकीच्या जागी शोधत होतो." त्याच्या पुढच्या वर्षी: "चाळीस पावलं. नकाशाप्रमाणे होत आहे." मग नव्वद. मग दीडशे. मागच्या वर्षीची नोंद: "नकाशाएवढं झालं. आता कुठं समाधान वाटलं. मुलांना सांगत आलो ते खरं."

दरवर्षी येतात, वनरक्षक म्हणाला. ह्या महिन्याच्या अखेरीला येतील. दोघंही साठीपुढचे, वर पोचले की आधी टोपी काढतात.

आत्या दगडावर बसली. ती रडेल असं मला वाटलं, पण ती हिमनदीकडे बघत होती. तिनं सहा आठवडे जपून पांढरं ठेवलेल्या त्या भागाकडे, जिथं आता करडे दगड उघडे पडले होते.

"सबंध नकाशात मी एकच गोष्ट खोटी काढली होती," ती म्हणाली. "ती खरी झाली. आणि हा बर्फ तेवढा मी अगदी बरोबर काढला होता रे."

बर्फाचा आणखी एक तुकडा पडला. वर्तुळ पुन्हा सगळ्या डोंगरावरून फिरून आलं.

मग आत्यानं वनरक्षकाचं पेन मागून घेतलं आणि शिक्षकांच्या शेवटच्या नोंदीखाली, नकाशाच्या अक्षरांत, एकोणीस वर्षं राहिलेलं उत्तर लिहिलं: "आपले पत्र मिळाले. नकाशा चुकला होता. आपण चुकला नव्हता. तळे तेव्हा नव्हते, ते माझ्या शाईचे होते. आता आहे. – आरेखक." वाचून पाहिलं, एका अक्षराचा काना जरा सरळ केला, आणि वही परत दिली. पाटी तिनं उलटी करून खोपटातल्या बाकाला टेकवून ठेवली. वनरक्षक म्हणाला, बाकाला पाठ नव्हतीच, हे नियमात बसवता येईल.

उतरताना ती पन्नास पावलांवर थांबत नव्हती. मीच थांबत होतो.

संध्याकाळी फाटकापाशी आम्हाला एक छापील कागद मिळाला: अभ्यागतांच्या सूचना, तक्रारी व विनंत्या. आत्या दाताच्या खुर्चीत बसली, दिवा ओढून घेतला आणि सांगू लागली. भाषा मी बसवली. शेवटी तो माझाच धंदा आहे. कागद पेटीत टाकला आहे. मजकूर असा:

"प्रति, मा. उद्यान अधीक्षक. विषय: उंची ३,९१२ मीटरवरील तळे व त्यालगतचा बर्फ. उपरोक्त तळे नकाशात दर्शविलेल्या आकाराइतके झाले असून त्याने यापुढे वाढू नये. लगतच्या बर्फाने आपली जागा कोणासही न कळवता सोडलेली असल्याने त्याने नकाशातील हद्दीपर्यंत परत यावे व आल्याचे लेखी कळवावे. दोन्ही गोष्टी एकाच वेळी शक्य नसल्यास अर्जदार आपल्या तळ्यावरील हक्क सोडण्यास तयार आहे. मात्र या महिन्याच्या अखेरीस भूगोलाचे दोन शिक्षक येऊन टोपी काढून जाईपर्यंत उभयतांनी आहे तसेच थांबावे, अशी समज संबंधितांस आपल्या स्तरावरून तातडीने देण्यात यावी."